अपवर्तन टोमोग्राफी: जमिनीखालचे चित्र कसे बनते आणि कुठे फसवते

पूल, धरण किंवा उंच इमारत बांधण्यापूर्वी घट्ट खडक किती खोलीवर आहे, हे समजावे लागते. बोअर घेतल्याने ते कळते, पण त्या एकाच जागेपुरते. दोन बोअरच्या मधला भाग पाहण्यासाठी भूकंपीय अपवर्तन टोमोग्राफी वापरतात.

मोजणी

समजा, सरळ रेषेत ५ मीटर अंतराने २४ जिओफोन रोवले. रेषेची लांबी ११५ मीटर झाली. जमिनीवर ठेवलेल्या धातूच्या प्लेटवर मोठ्या हातोड्याने घाव घालायचा आणि प्रत्येक जिओफोनपर्यंत पहिली लहर किती मिलिसेकंदांत पोहोचली ते वाचायचे. रेषेची दोन्ही टोके आणि मधल्या अनेक जागा येथे घाव घालून हीच मोजणी पुन्हा करतात. साधारणपणे रेषेच्या लांबीच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतक्या खोलीपर्यंतची माहिती मिळते. येथे ती सुमारे २५ मीटर.

तत्त्व

सुट्या कोरड्या मातीत प्राथमिक तरंगाचा वेग सेकंदाला ३०० ते ६०० मीटर असतो, तर घट्ट बेसॉल्टमध्ये तो सुमारे ५००० मीटर असतो. जवळच्या जिओफोनवर मातीतून थेट येणारी लहर आधी पोहोचते. दूरच्या जिओफोनवर मात्र खडकाच्या माथ्यावरून धावून परत वर येणारी लहर आधी पोहोचते. रस्ता लांबचा, पण वेगाचा!

उदाहरण: वरच्या थराचा वेग ५००, खालच्याचा २५०० आणि दुसरी लहर २४ मीटरपासून पुढे आघाडी घेते.
खोली = (२४ ÷ २) × √[(२५०० − ५००) ÷ (२५०० + ५००)] = सुमारे ९.८ मीटर.

हे सूत्र सपाट, एकसारख्या थरांसाठी आहे. प्रत्यक्षात माती, मुरूम आणि खडक यांच्या सीमा वाकड्यातिकड्या असतात. म्हणून टोमोग्राफीत जमिनीच्या उभ्या छेदाचे लहान चौकोन पाडतात, प्रत्येकाला अंदाजे वेग देतात आणि संगणकाने किरणांचे मार्ग व प्रवासकाळ काढतात. मोजलेल्या काळाशी तुलना करून चौकोनांतील वेग दुरुस्त करतात. फरक वाचनातील चुकीइतका लहान होईपर्यंत हे चक्र चालते.

सावधगिरी

हे चित्र जमिनीचा फोटो नव्हे. मोजलेल्या वेळांशी जुळणारे ते एक उत्तर आहे. तशी उत्तरे एकाहून अधिक असू शकतात. ज्या चौकोनातून एकही किरण गेला नाही, त्याचा रंग म्हणजे केवळ अंदाज. म्हणून वेगाच्या चित्रासोबत किरणांची दाटी दाखवणारे चित्रही पाहावे.

दुसरी अडचण भूजलाची. पाण्याने भरलेल्या मातीतला वेग सुमारे १५०० मीटर असतो आणि विदारण झालेल्या खडकाचा वेगही तेवढा असू शकतो. जवळच्या विहिरीची पाणीपातळी मोजली नाही, तर पाण्यालाच खडक समजले जाईल.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर. लहर खालच्या थराच्या माथ्यावरून धावण्यासाठी क्रांतिक कोन लागतो आणि
क्रांतिक कोनाची साइन = वरचा वेग ÷ खालचा वेग.
खालचा वेग कमी असेल, तर हे मूल्य १ पेक्षा मोठे होते. असा कोन अस्तित्वातच नाही. दख्खनच्या पठारावर बेसॉल्टच्या दोन प्रवाहांमध्ये लाल, मातकट बोलचा थर अनेक ठिकाणी आढळतो. वरचा कातळ घट्ट असेल, तर हा मऊ थर पहिल्या लहरींच्या वेळांत उमटत नाही आणि चित्रात सलग खडक दिसतो. त्या भरवशावर पाया घातला, तर भार प्रत्यक्षात मऊ थरावर जाऊ शकतो.

म्हणून टोमोग्राफीने बोअर रद्द होत नाहीत; ते कुठे घ्यावेत हे ठरते. घट्ट खडक लागला म्हणून बोअर लगेच थांबवू नये. पायाच्या भाराचा परिणाम जिथवर पोहोचतो, तिथवर तो न्यावा.

सरावासाठी: वरच्या थराचा वेग ६००, खालच्याचा ३००० आणि आघाडी ३० मीटरवर बदलते. खोली काढा. (उत्तर: सुमारे १२.२ मीटर)