प्रवाळबेटांवरची पांढरी धूळ



लोणावळ्याला भुशी धरणाकडे जाताना नौदलाची ‘आयएनएस शिवाजी’ ही संस्था लागते. समुद्र तर घाटाखाली राहिला, मग नौदल डोंगरावर कसे, असा प्रश्न तुम्हांला पडला असेल. जहाजांची यंत्रे चालवण्याचे व दुरुस्त करण्याचे शिक्षण येथे १९४५ पासून दिले जाते. याच आवारात २०१९ मध्ये ‘अभेद्य’ नावाचे एक प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. अणुस्फोटानंतर किरणोत्सर्ग कसा ओळखायचा, त्यापासून बचाव कसा करायचा आणि जहाजावर पडलेली दूषित धूळ कशी धुऊन काढायची, याचाही सराव नौसैनिक तेथे करतात.

धूळ धुण्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे तुम्ही म्हणाल. त्याचे उत्तर पॅसिफिक महासागरातील मार्शल बेटांवरच्या माणसांनी दिले आहे. त्याची किंमतही त्यांनीच मोजली.

बिकिनीचा स्फोट

१ मार्च १९५४ रोजी पहाटे अमेरिकेने बिकिनी या प्रवाळबेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. बॉम्बमधील लिथियमचा एक समस्थानिक निष्क्रिय राहील असा शास्त्रज्ञांचा अंदाज होता. तो चुकला. स्फोट अपेक्षेच्या सुमारे अडीच पट, म्हणजे १५ मेगाटनांचा झाला. हिरोशिमाच्या बॉम्बची ही जवळजवळ हजार पट शक्ती! प्रवाळाचा प्रचंड चुरा आकाशात फेकला गेला आणि किरणोत्सारी बनून वाऱ्याबरोबर पूर्वेकडे निघाला. अशी धूळ खाली पडते, तिला ‘अवपात’ म्हणतात.

जवळपासच्या अमेरिकन जहाजांवर ती पडू लागताच खलाशांना डेकखाली पाठवण्यात आले व फवाऱ्यांनी डेक धुण्यात आले. परंतु सुमारे १५० किलोमीटरांवर, म्हणजे पुणे-मुंबई रस्त्याएवढ्या अंतरावर, रोंगेलाप बेट होते. तेथे ६४ माणसे होती. त्यांना कोणी काहीच सांगितलेले नव्हते. काही तासांनी पांढरी भुकटी पडू लागली. ती केसांत, अंगावर, अन्नात आणि साठवलेल्या पाण्यात पडली. मुले तर तिच्यात खेळली! त्यांना हलवले ते सुमारे दोन दिवसांनी. तोवर उलट्या सुरू झाल्या होत्या. पुढे कातडी भाजल्यासारखी झाली, केस गळले, रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या.

काही महिन्यांत जखमा भरल्या, केस पुन्हा उगवले. प्रकरण संपले असे कोणालाही वाटले असते.

गळ्यातली छोटी ग्रंथी

ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेतील डॉ. रॉबर्ट कोनार्ड व त्यांचे सहकारी मात्र दरवर्षी या लोकांची तपासणी करीत राहिले. रक्त तपासायचे, वजन घ्यायचे, मुलांची उंची मोजायची, गळा चाचपून पाहायचा. वर्षांमागून वर्षे गेली. १९६३ साली, म्हणजे स्फोटानंतर नऊ वर्षांनी, एका मुलीच्या गळ्यात गाठ सापडली. मग दुसरी, तिसरी... स्फोटाच्या वेळी दहा वर्षांखालील जी १९ मुले रोंगेलापवर होती, त्यांपैकी १७ जणांच्या अवटू ग्रंथीत पुढे गाठी किंवा दोष आढळले. दोन मुलांची उंची वाढायचीच थांबली होती.

असे का झाले? अवटू ग्रंथीला आपले काम करण्यासाठी आयोडीन लागते. साधे आयोडीन आणि किरणोत्सारी आयोडीन यांतला फरक तिला कळत नाही. मिळेल ते ती गोळा करते. मुलांची ग्रंथी लहान असते. तेवढ्याच आयोडीनने मोठ्या माणसाच्या ग्रंथीपेक्षा तिला कितीतरी जास्त मात्रा बसते. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य अवघे ८ दिवस. आता तुम्हीच गणित करा: ८० दिवसांत दहा अर्धायुष्ये होतात, म्हणून मूळ आयोडीनचा सुमारे हजारावा भाग उरतो. आयोडीन गेले, पण पेशींना झालेली इजा नऊ वर्षे दबा धरून बसली! १९६५ पासून या लोकांना अवटू ग्रंथीच्या संप्रेरकाच्या गोळ्या देण्यास सुरुवात झाली.

तुलना कोणाशी?

समजा, नाणे मावळातल्या एका गावात पाच जणांच्या गळ्याला गाठी आढळल्या. एवढ्यावरून कारण सांगता येईल का? नाही. तसेच पाणी, तसेच अन्न असलेले आंदर मावळातले दुसरे गाव पाहावे लागेल. तेथेही पाचच जण निघाले, तर पहिल्या गावात विशेष काही घडले नाही, असे म्हणावे लागेल. डॉक्टरांनीही १९५४ मध्ये बेटाबाहेर असलेल्या रोंगेलापवासीयांचा तुलनेसाठी गट केला. पण १९५७ मध्ये सर्वांनाच बेटावर परत नेण्यात आले. तेथील मातीत सीझियम-१३७ उरले होते आणि त्याचे अर्धायुष्य ३० वर्षांचे आहे. प्रवाळाच्या मातीत पोटॅशियम कमी असते, म्हणून झाडे त्याच्यासारखेच असणारे सीझियम शोषून घेतात. ते नारळातून माणसात येते. म्हणजे तुलनेचा गटही पूर्णपणे निर्धोक राहिला नव्हता.

तपासणी कोणासाठी?

बेटवासीयांची तक्रार याहून मोठी होती. डॉक्टर येतात, रक्त घेतात, आकडे लिहितात, पण आम्हांला काय झाले आहे ते नीट सांगत नाहीत; आम्ही प्रयोगशाळेतले प्राणी आहोत काय, असे ते विचारीत. अखेर १९८५ साली ते आपणहून बेट सोडून गेले. या तपासणीमुळे गाठी वेळेवर सापडल्या, हे खरे. पण ज्याच्या शरीरातून ज्ञान मिळते, त्याला ते सर्वांत आधी कळले पाहिजे, हेही तितकेच खरे.

या स्फोटानंतर महिन्याभरात, २ एप्रिल १९५४ रोजी, पंडित नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या थांबवण्याचे आवाहन केले. अणुस्फोटांच्या परिणामांवर भारत सरकारने १९५६ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या या कामात डॉ. होमी भाभा आणि आपले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी साहाय्य केले होते. वातावरण, अंतराळ व पाण्याखालील चाचण्यांवर बंदी घालणारा करार १९६३ साली झाला. रोंगेलापच्या मुलीच्या गळ्यात पहिली गाठ सापडली, तेही हेच वर्ष!

तुमच्या शाळेतही उंची-वजनाची नोंदवही असेल. यंदा शिक्षकांच्या परवानगीने स्वतःच्या मागील वर्षांच्या नोंदी पाहा आणि आलेख काढा. एका वर्षाचा आकडा फारसे सांगत नाही. रांगेने मांडलेले आकडे बोलू लागतात. रोंगेलापच्या त्या दोन मुलांची खुंटलेली वाढ अशाच नोंदींतून उघड झाली. आणि हो, तुमचा आलेख आधी तुम्हीच पाहणार आहात. रोंगेलापच्या लोकांना हवे होते तेही एवढेच.