गुंठ्यामागे किती मिथेन?

भाताच्या खाचरात लावणीनंतर पाय टाकला की चिखलातून बुडबुडे वर येतात. आमच्या दिघाशीत, किंबहुना साऱ्या भिवंडी तालुक्यात, हे कुणालाही नवे नाही. त्या बुडबुड्यांत मिथेन असतो, आणि 1990 च्या सुमारास त्यावरून जागतिक वाद पेटला होता, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते.

हवेच्या दहा लाख भागांत मिथेनचे तेव्हा जेमतेम पावणेदोन भाग होते. आज ते दोनच्या जवळ पोहोचले आहेत. प्रमाण नगण्य, पण उष्णता अडवून धरण्यात वजनाला वजन धरले तर शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट भारी. म्हणून तो सोडतो कोण, याला महत्त्व. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा 1990 चा अंदाज असा होता, की भारतातली भातशेती वर्षाला 3 कोटी 78 लाख टन मिथेन सोडते. मोजमापे होती युरोप-अमेरिकेतल्या शेतांची. भारताचे फक्त क्षेत्रफळ घेऊन गुणाकार केलेला.

हा आकडा तपासायचे मनावर घेतले आशेष प्रसाद मित्रा यांनी. मित्रा (1927–2007) मूळचे कोलकात्याचे, शिशिरकुमार मित्रांचे शिष्य, आयनांबराचे अभ्यासक. वातावरणाच्या वरच्या थरात नायट्रिक ऑक्साइडसारखा लेशमात्र वायू केवढी उलथापालथ करतो, हे त्यांना जुने परिचयाचे. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या पुढाकाराने 1991 मध्ये देशातल्या वेगवेगळ्या भातक्षेत्रांत मोजणी झाली. पद्धत साधी: रोपांवर पारदर्शक पेटी उपडी घालायची, ठरावीक मिनिटांनी आतली हवा सिरिंजने ओढायची आणि गॅस क्रोमॅटोग्राफवर मिथेन मोजायचा. मिनिटागणिक तो किती वाढला, त्यावरून जमिनीतून येणारा वायू कळतो.

उत्तर आले वर्षाला सुमारे 40 लाख टन. म्हणजे जवळजवळ नववा हिस्सा!

मी हे गुंठ्यावर आणून पाहिले. देशातले भाताचे क्षेत्र तेव्हा सव्वाचार कोटी हेक्टरांच्या आसपास. जुन्या अंदाजाप्रमाणे गुंठ्यामागे नऊ किलो मिथेन, मोजणीप्रमाणे एक किलोही धड नाही. शेतकऱ्याला कळेल असा फरक हा.

एवढी तफावत का? पाणी साचले की मातीतला प्राणवायू संपतो आणि मिथेन तयार करणारे जीवाणू कामाला लागतात. त्यांचे खाद्य म्हणजे कुजणारा सेंद्रिय पदार्थ. आपल्या बऱ्याच जमिनींत तो कमी. वायूचा मोठा भाग बुडबुड्यांतून नव्हे, तर रोपाच्या पोकळ ऊतीतून, जणू नळीतून, बाहेर पडतो. मुळांजवळ जिथे प्राणवायू पोहोचतो, तिथे दुसरे जीवाणू त्यातला बराचसा खाऊनही टाकतात. शिवाय पावसावरचे खाचर अधूनमधून सुकते, आणि सुकले की कारखाना बंद. सतत तुंबलेल्या, सेंद्रिय मातीच्या शेतांत मात्र मिथेन खरोखरच जास्त निघतो. पूर्व भारतातल्या काही शेतांत तसा तो निघालाही. भात निर्दोष ठरले असे म्हणणे म्हणूनच अतिरेकाचे. (आपल्याकडे राब भाजतात, त्याचा धूरही हिशेबात धरायला हवा. त्यातला कार्बन मोनॉक्साइड हवेतले हायड्रॉक्सिल संपवतो, आणि मिथेनचा नाश करणारे मुख्य रसायन तेच.)

त्याच 1991 साली अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी पोटासाठीचे उत्सर्जन आणि चैनीचे उत्सर्जन एकाच तराजूत तोलायला हरकत घेतली. तो युक्तिवाद नैतिक होता. माझ्या मते मित्रांच्या पेट्यांचे काम अधिक टिकाऊ, कारण नीतीवर मतभेद होऊ शकतात. सिरिंजमधल्या हवेवर वाद घालायचा तर पुन्हा मोजावे लागते.

पेटी शेताचे सांगते, प्रदेशाचे नाही. त्यासाठी गोव्यात काबो द रामाच्या कड्यावर 1993 पासून हवेचे नमुने बाटल्यांत भरून ऑस्ट्रेलियात तपासायला पाठवले गेले. तिथे हिवाळ्यात, जमिनीवरून वारा येतो तेव्हा मिथेन जास्त दिसतो. पावसाळ्यात तो सर्वांत कमी! कारण तेव्हाची हवा विषुववृत्तापलीकडच्या समुद्रावरून आलेली असते. खाचरे ऐन भरात असताना किनाऱ्यावरची बाटली त्यांच्याबद्दल जवळजवळ काहीच बोलत नाही. त्यांचा मिथेन त्याच वाऱ्याबरोबर घाट ओलांडून पूर्वेकडे निघून गेलेला असतो.