मिठाच्या पुड्या, थायरॉइड आणि किरणांचा हिशेब

मार्च २०११. जपानमध्ये फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात स्फोट झाले आणि समुद्रापलीकडे चीनमध्ये लोक मिठावर तुटून पडले. आयोडीनयुक्त मीठ खाल्लं की किरणोत्सर्ग बाधत नाही, ही अफवा. हिशेब मात्र कोणी मांडला नाही. अणुअपघाताच्या वेळी प्रौढ माणसाला दिली जाणारी पोटॅशियम आयोडाइडची गोळी १३० मिलिग्रॅमची असते आणि तिच्यात साधारण १०० मिलिग्रॅम आयोडीन असतं. आपल्याकडे नियमाप्रमाणे गिऱ्हाइकाच्या हाती पडणाऱ्या मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं लागतं. त्या मापाने एका गोळीची भरपाई करायला साडेसहा किलोंहून जास्त मीठ खावं लागेल, तेही एका बैठकीत!

आणि ही गोळी तरी सगळ्या किरणांवर कुठे चालते? थायरॉइड ग्रंथीला साधं आयोडीन आणि किरणोत्सारी आयोडीन यांतला फरक कळत नाही. मिळेल ते ती साठवते. गोळी तिचं कोठार आधीच भरून टाकते, एवढंच. किरणोत्सारी सीझियमवर किंवा एक्स-रेवर तिचा काडीइतका उपयोग नाही.

कोठार रिकामं राहिलं की काय होतं, ते चेर्नोबिलने दाखवलं. २६ एप्रिल १९८६च्या स्फोटानंतर आयोडीन-१३१ गवतावर बसलं, गवतातून गाईंच्या दुधात उतरलं आणि दुधातून मुलांच्या गळ्याशी पोहोचलं. या आयोडीनचं अर्धायुष्य जेमतेम आठ दिवसांचं. पण तेवढ्यात व्हायचं ते झालं. बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागांत, अपघाताच्या वेळी लहान असलेल्यांमध्ये २००५पर्यंत थायरॉइड कर्करोगाचे ६,०००हून अधिक रुग्ण सापडले. त्यांतले मोजकेच दगावले, कारण हा कर्करोग वेळेवर उपचार झाले तर बहुधा बरा होतो. शेजारच्या पोलंडने तीन दिवसांत निर्णय घेऊन एक कोटीहून अधिक मुलांना आयोडीन पाजलं.

इथूनच दुसरा गैरसमज जन्मला: किरणोत्सर्ग कितीही थोडा असो, थायरॉइड बिघडणारच. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्ड इथल्या प्लुटोनियम कारखान्यातून १९४४ ते १९५७ या काळात आयोडीन-१३१ हवेत सुटत होतं. त्या परिसरात बालपण गेलेल्या ३,४४० जणांची पुढे तपासणी झाली. ग्रंथी मंदावणं, गाठी, कर्करोग, यांतल्या कशाचंही प्रमाण किरणांच्या मात्रेबरोबर वाढलेलं दिसलं नाही. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांची पंचावन्नहून अधिक वर्षांनी तपासणी झाली तेव्हा मात्रेबरोबर गाठी वाढलेल्या आढळल्या. पण शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते त्या आजाराचं प्रमाण वाढलेलं नव्हतं. आणि ग्रंथी मंदावण्याचं नेहमीचं कारण तर हाच आजार.

आपल्याकडे ‘मला थायरॉइड आहे’ असं म्हणायची पद्धत आहे, जणू बाकीच्यांना तो नाहीच. मुंबई आणि गोव्यासह आठ ठिकाणच्या एका पाहणीत प्रौढांपैकी जवळपास ११ टक्के लोकांची ग्रंथी मंदावलेली आढळली. म्हणजे वीस जणांच्या कार्यालयात असे सरासरी दोघं निघायचे. ते कार्यालय एक्स-रे विभाग असलं की मात्र खापर मशिनवर फुटतं.

कोलेस्टेरॉलचंही तसंच. थायरॉइडचं संप्रेरक यकृताला रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, ओढून घ्यायला लावतं. संप्रेरक कमी पडलं की ही ओढ सैल होते आणि एलडीएल रक्तात साचत राहतं. म्हणून कोलेस्टेरॉल वाढलेल्या माणसाची टीएसएच ही थायरॉइडची तपासणी शहाणे डॉक्टर आधी करून घेतात. किरणांनी चरबीचं गणित बिघडलंच, तर त्याची एक वाट ग्रंथीतून जाते. जपानी बॉम्बग्रस्तांत कोलेस्टेरॉल थोडं चढं आढळलं होतं, पण त्यांच्यावरची मात्रा एका क्षणात कोसळलेली होती. चीनमधल्या रुग्णालयांत किरणांजवळ काम करणाऱ्यांच्या काही अभ्यासांत संप्रेरकांत आणि चरबीत लहानसे फरक दिसले आहेत. एकदाच रक्त तपासून केलेल्या अशा पाहणीत रात्रपाळी, वय, वजन आणि जेवणाचे हाल यांतून किरणांचा वाटा वेगळा काढणं फार अवघड.

मग काळजी सोडून द्यायची का? नाही, हा उलट्या बाजूचा गैरसमज. नऊ अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा लहानपणी २०० मिलिग्रेहून कमी मात्रा मिळालेल्यांतही थायरॉइड कर्करोगाचा धोका मात्रेच्या प्रमाणात वाढलेला दिसला. त्यामुळे मुलाचा सीटी स्कॅन खरंच हवा आहे का, हे डॉक्टरांना विचारण्यात गैर काही नाही. एक्स-रे पाहत हृदयावर उपचार करतात त्या कॅथलॅबमध्ये तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या डॉक्टरने गळ्याला शिशाची पट्टी बांधणंही शहाणपणाचं, कारण रुग्णाच्या शरीरावरून विखुरलेले किरण त्याच्यापर्यंत येतच असतात.

छातीवरचा टीएलडी बॅज मात्र कोणाला वाचवत नाही. तो फक्त अंगावर आलेली मात्रा मोजतो. भारतात किरणांजवळ काम करणाऱ्यांसाठी मर्यादा पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट. ती ओलांडल्याचा अहवाल आला की चौकशी होते. कधी कधी त्या चौकशीत निघतं ते एवढंच, की तंत्रज्ञ सुट्टीवर होता आणि त्याचा बॅज एक्स-रे खोलीतल्या खुंटीवर लटकत राहिला होता.