थाळी वाचली, बाप तसाच

23 डिसेंबर 2012. रविवार, सकाळचे दहा. ‘कलर्स’ वाहिनीवर ‘सूरज : द रायझिंग स्टार’ ही ॲनिमेशन मालिका सुरू झाली. मुंबईच्या झोपडपट्टीतला सूरज, त्याला गोलंदाज करायला निघालेला बाप श्याम आणि मोठ्या घरचा प्रतिस्पर्धी विक्रम. वरवर पाहता सगळं अगदी आपल्या गल्लीतलं. पण या गोष्टीचं मूळ गाव मुंबई नव्हे, टोकियो. मूळ खेळ क्रिकेट नव्हे, बेसबॉल. आणि मुंबईत आली तेव्हा तिचं वय पंचेचाळिशीच्या पुढे गेलेलं.

मूळ नाव ‘क्योजिन नो होशी’, म्हणजे ‘जायंट्सचा तारा’. इक्की काजिवारा यांची कथा आणि नोबोरू कावासाकी यांची चित्रं असलेली ही चित्रमालिका 1966 मध्ये ‘शोनेन मॅगझिन’ या साप्ताहिकात सुरू झाली. 1968 ते 1971 या काळात तिचे 182 भाग दूरचित्रवाणीवर झाले. टोकियो ऑलिंपिक होऊन चारच वर्षं उलटली होती, कारखाने वाढत होते आणि योमिउरी जायंट्स हा संघ 1965 पासून सलग नऊ वर्षं जपानचा विजेता ठरणार होता. त्या संघात पोराला धाडायचं, एवढा एकच ध्यास घेतलेला बाप म्हणजे इत्तेत्सु होशी. कधीकाळी तो स्वतः जायंट्सकडून खेळलेला; पण युद्धात खांदा निकामी झाला आणि कारकीर्द संपली. आता टोकियोतल्या चाळवजा वस्तीत मजुरी करून तो दोन लेकरं पोसतो आणि आपलं राहिलेलं स्वप्न मुलाच्या, ह्युमाच्या, खांद्यावर ठेवतो.

खांद्यावर ठेवतो हे इथे शब्दशः खरं आहे. ह्युमाच्या अंगावर बाप स्प्रिंगांचा एक सापळा चढवतो. हात हलवायचा तर प्रत्येक वेळी स्प्रिंग ताणायची, मग तो हात चेंडूसाठी उठलेला असो की घासासाठी. पोर त्या सापळ्यासकटच जेवायला बसतं.

जेवण हा या मालिकेतला सर्वांत गाजलेला प्रसंग ठरला. एकदा बाप मुलाच्या कानाखाली वाजवतो आणि त्या झटक्यात वाढलेलं बैठं टेबल, जपानी भाषेत ‘चाबुदाई’, उलटं होतं. मालिकेच्या शेवटच्या गाण्याबरोबर हे दृश्य पुन्हा पुन्हा दिसत राहिलं आणि रागीट बाप म्हटला की टेबल उलथवणाराच, असं चित्र जपानी मनात पक्कं बसलं. ‘चाबुदाई-गाएशी’ हा शब्द बोलीत रुळला. 2009 मध्ये ताइतो कंपनीने गेमिंग पार्लरसाठी चक्क टेबल उलथवण्याचा खेळ बाजारात आणला.

ही गोष्ट भारतात आणायचं ठरवलं कोदान्शा या प्रकाशनसंस्थेने. हिशेब सरळ होता. साठच्या दशकातला जपान जसा वर येत होता, तसा आताचा भारत येतो आहे. तिथे बेसबॉल, तर इथे क्रिकेट. मूळ मालिका करणारी टीएमएस आणि हैदराबादची डीक्यू एंटरटेनमेंट या कंपन्यांनी मिळून 26 भाग केले. प्रायोजकही भारतात पाय रोवू पाहणाऱ्या जपानी कंपन्या: सुझुकी, एएनए ही विमान कंपनी, निस्सिन, दाइकिन, कोकुयो. यांतल्या कोकुयोने वर्षभरापूर्वीच, 2011 मध्ये, कॅमलिनचा ताबा घेतला होता. 1931 मध्ये दांडेकरांनी शाईच्या पुडीपासून उभा केलेला हा उद्योग. महाराष्ट्रातल्या कैक पिढ्यांनी ज्या नावाच्या कंपासपेटीवर भूमिती गिरवली, ते नाव असं या बाप-लेकाच्या गोष्टीच्या आसपास येऊन पोचलं.

भाषांतर करताना अडचण आली ती टेबलापाशी. अन्न हे पूर्णब्रह्म मानणाऱ्या घरांत भरलं ताट उलथवणारा बाप कोण खपवून घेणार? मग टेबलावर जेवणाऐवजी पाणी ठेवलं गेलं. राग तोच, पण सांडलं ते पाणी. स्प्रिंगांचा सापळा लहान मुलाचा छळ वाटेल अशी धास्ती होती, म्हणून तिथे सायकलच्या ट्यूब आल्या. रबरी ट्यूब ताणून व्यायाम करणारी पोरं आपल्याकडे आखाड्यात आणि पोलीस भरतीच्या मैदानावर आजही दिसतात. ही डागडुजी अस्सल देशी झाली.

बापाच्या स्वभावाला मात्र रंधा लावावा लागला नाही. मुलाचं आयुष्य मुलाला न विचारता आखून टाकणारा पुरुष भारतीय प्रेक्षकाला समजावून सांगायची गरजच नव्हती.

मुंबई क्रिकेटमध्ये त्याचे सौम्य-कठोर अवतार बरेच सापडतात. विजय मांजरेकर 55 कसोटी खेळले, 3208 धावा काढल्या. त्यांचे चिरंजीव संजय 37 कसोटी खेळले. वडिलांच्या संतापाची घरात किती दहशत होती, हे संजय यांनी ‘इम्परफेक्ट’ या आत्मचरित्रात लपवलेलं नाही. दुसऱ्या टोकाला नौशाद खान. मुलांना स्वतः घडवणारा हा बाप फेब्रुवारी 2024 मध्ये राजकोटच्या मैदानावर मुलाची, सर्फराजची, कसोटी टोपी हातात घेऊन रडला. सर्फराजच्या जर्सीचा क्रमांक 97. नऊ आणि सात, ‘नौ-सात’ भरभर म्हणा, वडिलांचं नाव ऐकू येईल.

जपान दरम्यान इत्तेत्सुपाशी थांबला नव्हता. 1994 मध्ये ताकुया मित्सुदा यांनी ‘शोनेन संडे’ या साप्ताहिकात ‘मेजर’ सुरू केलं. 2010 पर्यंत त्याचे 78 खंड झाले आणि 2004 ते 2010 या काळात एनएचके वाहिनीवर सहा हंगामांत 154 भाग. ही बाप-लेकाचीच कथा, पण उलट्या बाजूने सांगितलेली. इथला बाप शिगेहारू होंडा पोरावर काही लादत नाही. आई आधीच गेलेली. गोरो या लहानग्याला बाबांचा खेळ पाहणं एवढंच हवं असतं. कोपर दुखावल्याने शिगेहारूची गोलंदाजी सुटते, तो फलंदाज म्हणून उभा राहतो, गिब्सन या अमेरिकी गोलंदाजाला होमरन मारतो आणि पुढच्या खेपेला त्याच गिब्सनचा चेंडू त्याच्या डोक्यावर बसतो. दुसऱ्या दिवशी तो जातो.

हे अतिरंजित वाटेल, पण अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये 1920 साली रे चॅपमन असाच चेंडू लागून गेला होता. क्रिकेटलाही हे भय परकं नाही. विजय मांजरेकर 1983 मध्ये वारले. चार वर्षांनी दिल्लीत संजय यांचं कसोटी पदार्पण झालं, तेव्हा विन्स्टन बेंजामिनचा चेंडू डोळ्यापाशी लागून त्यांना मैदान सोडावं लागलं होतं.

पुढे गोरो उजवा खांदा गमावतो आणि डाव्या हाताने फेकायला शिकतो. कुणी सांगितलं म्हणून नव्हे; खेळ हीच बापाची उरलेली खूण असते. शेवटी तो स्वतः बाप होतो आणि हात साथ देईनासा झाल्यावर, लेकीला आपण खेळताना दिसावं म्हणून, फलंदाज होऊन मैदानात परततो. 2015 पासून सुरू झालेल्या ‘मेजर सेकंड’मध्ये कथा त्याचा मुलगा दाइगो याच्याकडे येते. दाइगोचा हात कमजोर, आणि वडिलांचं मोठं नाव त्याला नकोसं झालेलं. पोराला अमुक बनवायचं कसं, हा इत्तेत्सुचा प्रश्न होता. पन्नास वर्षांत तो बदलून असा झाला: पोराला बापासारखं होता येत नसेल, तर?

विदर्भातला बाप या दोन्ही साच्यांत बसत नाही. नागपूरजवळच्या कोळसा खाणीत काम करणाऱ्या तिलक यादव यांना मुलाने पोलिसात किंवा सैन्यात जावं असं वाटत होतं. मुलगा उमेश याने दोन्हीकडे प्रयत्न केले, जमलं नाही. टेनिस बॉलवर पोसलेला त्याचा वेग मग लेदरच्या चेंडूकडे वळला आणि नोव्हेंबर 2011 मध्ये तो भारताकडून कसोटी खेळणारा विदर्भाचा पहिला खेळाडू ठरला. इथे बापाने सापळा चढवला नव्हता, स्वप्नही दिलं नव्हतं. त्याला पोराची नोकरी हवी होती.

त्याच विदर्भातल्या वाशीम जिल्ह्यात नोकरीचा हा हिशेब कुणालाही कळतो. बेसबॉल इथे अगदीच अनोळखी नाही. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत तो आणि सॉफ्टबॉल दोन्ही आहेत. खेळाडूंना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकऱ्यांत 5 टक्के आरक्षण असतं. त्यामुळे रिसोड-मालेगावापासून कारंजा-मानोऱ्यापर्यंत खेळाची किंमत आधी कागदावर मोजली जाते. सोयाबीन निघालं की हरभरा पेरेपर्यंत मोकळ्या वावरात स्टंप रोवले जातात आणि वर्गणी काढून टेनिसचा चेंडू येतो. बांधावरून जाणारा बाप दोन चेंडू थांबून पाहतो आणि विचारतो, “याचं सर्टिफिकेट भेटते काय रे?”