छोट्या मोटारींची दुरुस्ती : रंगाचे काम सर्वांत शेवटचे

कापडाच्या धंद्यात तीस वर्षे काढल्यावर माणसाला वाटू लागते की रंगाबद्दल आपल्याला सारे काही कळते. मलाही तसेच वाटत होते. लवासाच्या पावसात एका साडेतीन इंची मोटारीने माझा हा गैरसमज दूर केला. त्यात माझे जे नुकसान झाले ते भरून येणारे नाही. पण त्यातून जे शिकलो ते आपल्या कारागीर व व्यापारी बांधवांच्या उपयोगी पडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

ही मोटार माझ्या मरहूम धाकट्या भावाची. १९७८ च्या सुमारास वडील कापडाच्या खरेदीसाठी मुंबईला मुळजी जेठा मार्केटला गेले होते. परतताना त्यांनी चोर बाजारातील मटन स्ट्रीटवरून एक जुनी 'डिंकी' मोटार आणली. हिरवा रंग, काळे टायर, आत बारीक सीट. भावाने ती जिवापाड जपली. एकदा आमच्या दुकानाची पाटी रंगवून पेंटर गेला, तेव्हा डब्यात उरलेल्या पांढऱ्या रंगात काडी बुडवून त्याने मोटारीच्या डिकीवर उर्दूतला 'सीन' काढला. त्याच्या नावाचे ते पहिले अक्षर. तो गेल्यावर ही मोटार माझ्याकडे आली. रंगाचे टवके उडाले होते, एक चाक वाकडे झाले होते. मनात आले, हिला नवी करू.

लवासातील पहिला धडा

गेल्या पावसाळ्यात डॉक्टरांनी विश्रांती सांगितली म्हणून दीड महिना लवासात भाच्याकडे राहिलो. मुळशी तालुक्यात, वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी हे शहर वसवले गेले. दासवे येथील रांगेने उभ्या रंगीत इमारती इटलीतील पोर्टोफिनो गावाच्या धर्तीवर बांधल्या आहेत. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने येथील काम थांबवण्याची नोटीस काढली आणि २०१८ साली कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली, हे वाचकांना ठाऊक असेलच. आज पावसाचा मारा आणि देखभालीची उणीव यांमुळे काही भिंतींचे रंग उडालेले दिसतात. रोज त्या भिंतींसमोरून फिरत होतो, तरी त्यांच्याकडून काही शिकलो नाही.

मोटारीसोबत पेंट रिमूव्हर, थिनर आणि लाल स्प्रेचा एक डबा नेला होता. डब्यावरची सूचना इंग्रजीत. माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले. इंग्रजी वाचता येते, पण सावकाश. मी वाचण्याची तसदी घेतली नाही. रिमूव्हर लावला, जुना हिरवा रंग पापुद्र्यासारखा सुटला आणि त्याच्यासोबत डिकीवरचा 'सीन'ही गेला. खरे सांगायचे तर त्या क्षणी मला वाईट वाटले नाही. अक्षर वेडेवाकडे होते. मी खूश होतो की धातू कसा लख्ख झाला.

मग गॅलरीत उभा राहून लाल रंग मारला. दरीतून ढग वर येत होते. दहा मिनिटांत रंगावर दुधासारखी पांढुरकी झाक आली. दोन दिवसांनी नखाने सहज खरवडले तर रंगाची सालच निघाली. आतली पारदर्शक काच थिनर लागून तडकल्यासारखी धुरकट झाली.

नाना पेठेतील उस्ताद

पुण्यास परतल्यावर नाना पेठेतील ओळखीच्या एका मोटार पेंटरकडे ती घेऊन गेलो. चाळीस वर्षे त्यांनी खऱ्या गाड्या रंगवल्या. मोटार हातात घेऊन उलटीपालटी केली आणि एकेक चूक सांगितली.

पांढरी झाक दमट हवेमुळे आली. लॅकर जातीच्या रंगातील थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतली वाफ रंगावर दव होऊन बसते. पावसाळ्यात हे काम करायचे तर कोरड्या, बंद पण हवा खेळती असलेल्या खोलीत करावे, किंवा सरळ थांबावे. साल निघाली ती प्रायमर न लावल्यामुळे. ही खेळणी जस्ताच्या मिश्रधातूची असतात. त्यात चारेक टक्के ॲल्युमिनियम आणि थोडे तांबे व मॅग्नेशियम असते. अशा गुळगुळीत धातूवर रंग नुसता टेकतो, धरत नाही. शिवाय मी उघड्या हाताने मोटार धरली होती. बोटांचे तेल राहिले होते.

हे ऐकताना मला माझ्याच धंद्याची लाज वाटली. कोऱ्या कापडाची खळ काढल्याशिवाय रंगाच्या भट्टीत टाकले तर रंग डागाडागाने बसतो, हे मी गिऱ्हाइकांना आयुष्यभर सांगत आलो. धातूच्या बाबतीत मात्र तेच विसरलो.

शेवटी त्यांनी जुना फोटो पाहायला मागितला. फोनमध्ये होता. डिकीवरचे अक्षर पाहून ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सेठ, इतनी जल्दी क्या थी?" मला उत्तर सुचले नाही.

काम कसे करावे

त्यांनी मला जुन्या बाजारातून मोडक्या, बिनमोलाच्या पाच-सहा मोटारी आणायला सांगितल्या. "हात या मालावर बसवा," असा त्यांचा हुकूम. दोन महिने दर रविवारी त्यांच्याकडे बसून शिकलो, ते थोडक्यात असे :

पहिल्यांदा चारी बाजूंनी आणि खालून फोटो काढावेत. मोटारीच्या तळाशी रिवेट असतात. त्यांच्या मधोमध पंचने खूण करून बारीक ड्रिलने फक्त वरची टोपी कापावी. खांब शाबूत ठेवावा. जोडताना त्याच खांबात छोटा स्क्रू बसतो. काच, सीट, टायर, तळ आणि बॉडी वेगळी करून डबीत ठेवावी. प्लॅस्टिक आणि रबर यांना रिमूव्हर किंवा थिनर लागू देऊ नये.

जुना रंग काढायचाच असेल तर हातमोजे व चष्मा घालून, मोकळ्या हवेत, मुलांपासून दूर काढावा. काही जण कॉस्टिक सोडा वापरतात; तो कातडी भाजतो आणि जस्तालाही खातो, म्हणून नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. नंतर साबणाच्या कोमट पाण्याने जुन्या टूथब्रशने धुऊन पूर्ण वाळवावे. खड्डा असेल तर पुट्टी भरावी, ४०० आणि मग ८०० नंबरच्या वॉटर पेपरने घासावे. पुन्हा धुवावे. यापुढे बॉडीला उघडे बोट लावू नये.

मग जस्त व ॲल्युमिनियमला चालणारा प्रायमर. तो पूर्ण वाळल्यावर रंग. डबा आठ ते दहा इंचांवर धरून, फवारा मोटारीच्या बाहेर सुरू करावा आणि पलीकडे बाहेरच संपवावा. एक जाड हात देण्याऐवजी तीन-चार पातळ हात द्यावेत. जाड रंगात दरवाज्यांच्या रेषा बुजतात आणि मोटार साबणाच्या वडीसारखी दिसते. किमान एक रात्र वाळू द्यावे. पावसाळ्यात दोन-तीन दिवस. दिव्यांचा चंदेरी रंग शेवटी, शून्य नंबरच्या ब्रशने किंवा टूथपिकच्या टोकाने.

माझा हिशेब सांगतो : हत्यारे आणि साहित्य मिळून दोन हजारांच्या आत खर्च झाला. एका मोटारीवर हाताचे काम चार तास असेल, तर त्यात प्रत्यक्ष रंग मारण्याची मिनिटे पंधरासुद्धा होत नाहीत. बाकी सारे साफसफाई आणि सब्र.

मालाची पारख

या मोटारी ठरलेल्या प्रमाणात बनतात. १:४३ म्हणजे खऱ्या गाडीचा त्रेचाळिसावा भाग. सव्वाचार मीटरहून थोडी लांब असलेली ॲम्बॅसॅडर या मापात दहा सेंटिमीटरची होते, तर १:६४ मध्ये सात सेंटिमीटरहूनही लहान. डिंकी मोटारी इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने बनवल्या. तो कारखाना १९७९ साली बंद झाला. त्यांचे काही जुने साचे त्याआधीच कलकत्त्याला आले होते आणि तेथे 'निकी टॉइज' या नावाने मोटारी निघत. म्हणजे भंगारात सापडलेली फुटकी मोटार परदेशी असेल किंवा आपल्याच देशातील असेल. तळ उलटून नाव वाचल्याशिवाय किंमत करू नये.

दुसरी पारख धातूची. ओतताना मिश्रधातूत शिसे किंचितही जास्त गेले तर काही वर्षांनी तो आतून फुगतो, चिरा पडतात आणि भुसभुशीत होऊन तुटतो. महायुद्धापूर्वीच्या कितीतरी डिंकी मोटारी अशाच गेल्या. यावर इलाज नाही. केसासारख्या चिरा किंवा वाकलेला तळ दिसला तर त्यावर रंग चढवून विकणे म्हणजे कुजलेल्या सुताला इस्त्री करणे होय.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट : जुन्या, दुर्मीळ मोटारीला तिच्या मूळ रंगात, टवक्यांसकट जी किंमत येते, ती नव्याने रंगवल्यावर बहुधा येत नाही. मूळ खोका असेल तर किंमत आणखी वाढते. म्हणून गिऱ्हाइकाने दुरुस्तीस आणलेली जुनी मोटार लगेच धुवायला घेऊ नये. आधी विचारावे, फक्त चाक बसवायचे की रंगही? आणि रंगवलेली मोटार विकताना पावतीवर 'पुन्हा रंगवलेली' असे स्पष्ट लिहावे. ऐब लपवून विकलेल्या मालात बरकत नसते, हे आपल्या वाचकांना मी सांगायला नको.

कोणासाठी हे काम?

यावर कोणी लगेच घर चालवील, असे मी म्हणणार नाही. पण शौकाची ताकद कमी लेखू नये. पुण्याच्या कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी छोट्या आगगाड्यांच्या छंदातून १९९८ साली म्युझियम उभे केले. लोक तिकीट काढून ते पाहायला जातात. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली. ज्यांच्या वडिलांनी ती टॅक्सी चालवली, त्यांना टेबलावर ठेवायला काळी-पिवळी मोटार हवी असते. माझ्याच ओळखीच्या दोघांनी ती मागितली आणि मजुरी आनंदाने दिली.

आपल्या वस्तीतील गॅरेजांत डेंटिंग-पेंटिंग करणारी मुले आहेत. स्प्रे धरणे, घासणे, पुट्टी भरणे हा हुनर त्यांच्या हातात आधीच आहे. मापे लहान करायची आणि घाई सोडायची, एवढेच बाकी. त्यांनी एखादी मोडकी मोटार घेऊन सुरुवात करावी.

भावाची मोटार मी पुन्हा साफ केली, या वेळी रीतसर. जुन्या फोटोशी ताडून तसाच हिरवा रंग दिला, चाक सरळ केले. उस्तादांनी विचारले, फोटो आहे, 'सीन' पुन्हा काढून देऊ का? मी नको म्हटले. ते अक्षर त्याच्या हाताचे होते. दुसऱ्या कोणी काढले तर ती नक्कलच. मोटार आता दुकानात गल्ल्याजवळ असते. गिऱ्हाईक कौतुकाने विचारतात, अगदी नवीकोरी आहे का? मी सांगतो, नाही, पुन्हा रंगवलेली आहे.