कांचेचें वाण

संस्कृत सुभाषितकारांनीं मणि आणि कांच यांची तुलना करतांना कांचेला नेहमींच कमीपणा दिला आहे. मोलाच्या दृष्टीनें तें योग्यही असेल. परंतु देण्याघेण्याच्या वस्तूची पारख मोलापेक्षां उपयोगानें व्हावी, असें आमचें मत आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जें वाण लुटतात, त्यांतील किती वस्तू वर्षभर वापरांत राहतात, हें प्रत्येक गृहिणीनें आपल्या फडताळालाच विचारावें! म्हणून पेल्याखालची तबकडी, साबणाची बशी, अंगठ्या व कानांतलीं ठेवण्याची वाटी अशा लहानसहान वस्तू कांचेचे तुकडे भट्टींत एकजीव करून कशा बनवितां येतात, हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही कला जुनी आहे. फुंकनळीनें कांच फुगविण्याची युक्ति ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांत निघाली. त्यापूर्वींही भूमध्य समुद्राकांठचे कारागीर रंगीत कांचेचे काप शेजारीं शेजारीं मांडून व तापवून त्यांचे वाडगे करीत. आतां उष्णमान आपोआप राखणारी विजेची लहान भट्टी मिळूं लागल्यामुळें तेंच काम हौशी माणसाच्या आवाक्यांत आलें आहे.

घरांत कांच म्हटली कीं फुटक्या बांगड्या व रिकाम्या बाटल्या डोळ्यांपुढें येतात. त्यांचे तुकडे खिडकीच्या तावदानावर ठेवून तापवावे, हा विचार कोणालाही सुचेल. पण खरा धोका येथेंच आहे. प्रत्येक जातीची कांच तापतांना निराळ्या प्रमाणांत प्रसरण पावते व निवतांना त्याच प्रमाणांत आकसते. भट्टींत दोन जाती खुशाल एक होतात. निवतांना मात्र एक अधिक आकसते, दुसरी कमी, आणि सांध्यांत ताण राहून जातो. असा जिन्नस कधीं भट्टींतच तडकतो, तर कधीं कांहीं दिवस चांगला दिसून एखाद्या लेकराच्या हातांत दुभंगतो. आपण दिलेल्या भेटीनें कोणाचा हात कापावा, याहून लाजिरवाणें तें काय?

यावर दोन उपाय आहेत. सर्व तुकडे एकाच तावदानांतून कापावे. किंवा प्रसरण जुळवून तपासलेली रंगीत कांच विकत घ्यावी. अमेरिकेंतील पोर्टलंड येथें १९७४ सालीं निघालेला ‘बुल्झआय’ कारखाना अशा कांचेसाठीं प्रसिद्ध आहे. शंका वाटल्यास प्रकाशाचें ध्रुवण करणारे दोन पारदर्शक पडदे, आरपार अंधार दिसेल असे आडवेउभे धरून, त्यांच्यामध्यें ती वस्तु पाहावी. सांध्याभोंवतीं उजेडाचें वलय दिसलें तर ताण आहे असें समजावें.

कृति अशी : तीन मिलिमीटर जाडीच्या कांचेचा दहा सेंटिमीटरचा चौरस हिरकणीनें कापून स्वच्छ धुवावा, आणि त्याच्यावर तितक्याच जाडीचे रंगीत तुकडे जुळवून दुसरा थर मांडावा. वितळलेली कांच आपण होऊन सुमारें सहा मिलिमीटर जाडी धरते. थर एकच असला तर ती कडांकडून आंत ओढली जाते. भट्टीच्या फरशीला केओलिन व अ‍ॅल्युमिना यांचा लेप द्यावा, नाहीं तर कांच तिला चिकटून बसते. वरील कारखान्याच्या कांचेस सुमारें ८०० अंश सेंटिग्रेड उष्णता दहा मिनिटें पुरते. तावदानाच्या कांचेस याहून अधिक लागते. खोलगट बशी हवी असल्यास निवालेला चौरस साच्यावर ठेवून पुन्हां सुमारें ६५० अंशांपर्यंत तापवावा. तो आपल्याच भारानें साच्यांत बसतो.

परंतु खरें कौशल्य तापविण्यांत नसून निवविण्यांत आहे. उष्णमान ४८२ अंशांवर उतरलें म्हणजे तें तेथें तासभर स्थिर ठेवावें, आणि पुढें ३७० अंशांपर्यंत अगदीं सावकाश खालीं येऊं द्यावें, म्हणजे आंतील व बाहेरील भाग बरोबरीनें निवतात. घाईनें झाकण उघडणाराचे सारे श्रम फुकट जातात. मुलांना धीर धरवत नाहीं. त्यांना दुसऱ्या सकाळचा वायदा द्यावा.

कापतांना डोळ्यांस चष्मा असावा, लेपाची कोरडी भुकटी नाकांत जाऊं देऊं नये, आणि कडा पाणी घालून घासाव्या. तयार वस्तु शेगडीवर किंवा गॅसवर कधींही ठेवूं नये.

भट्टी महाग वाटल्यास चार घरांनीं मिळून घ्यावी, अथवा कांचकाम शिकविणाऱ्या एखाद्या कार्यशाळेंत आपला जिन्नस भाजून घ्यावा. येत्या संक्रांतीला अशीं पांच-सात वाणें करून पाहावीं. थोडीं झालीं तरी चालतील. पण प्रत्येक तपासून, कडेवरून बोट फिरवून, मगच तें दुसरीच्या हातीं द्यावें.