नीलगिरीचे शेत आणि कागदाचा कारखाना

गेल्या महिन्यात मिस्सा संपल्यावर धर्मग्रामातील दोन-तीन कुटुंबांनी आम्हांला एकच प्रश्न विचारला. गावात रोपे विकणारा माणूस येऊन गेला आहे. नीलगिरी लावा, चार-पाच वर्षांत कागद कारखाना लाकूड घेईल, मजूर नको, राखण नको, असे तो सांगतो. तर दोन विघे जमीन द्यावी का? याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून येथे लिहीत आहोत.

कारखाना आपल्या शेतापर्यंत का आला ते प्रथम पाहू. लाकडापासून कागद व पुठ्ठा करणारा गुजरातेतील मोठा कारखाना सोनगढ येथे आहे. बडोद्यापूर्वी गायकवाडांचे ठाणे जेथे होते तेच हे सोनगढ. आज ते तापी जिल्ह्यात, नवापूरच्या सीमेलगत येते. १९६० नंतरच्या दशकात हा कारखाना सेंट्रल पल्प मिल्स या नावाने उभा राहिला व पुढे जे. के. पेपरकडे गेला. सुरुवातीस त्याचा कच्चा माल म्हणजे डांग व आसपासच्या जंगलांतील बांबू. चंद्रपूरकडील बल्लारपूरचा कारखानाही बांबूवरच वाढला. त्या काळी देशात कागद कारखान्यांना सरकारी जंगलातील बांबू नाममात्र दराने मिळे आणि टोपल्या विणणाऱ्या बुरुडाला तोच बांबू महाग पडे. जंगले विरळ झाली, तेव्हा १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने सांगितले की कारखान्यांनी लाकूड शेतकऱ्यांशी थेट संबंध ठेवून पिकवून घ्यावे, सवलतीच्या जंगलावर अवलंबून राहू नये. तेव्हापासून कागदाचे जंगल म्हणजे आपले शेत झाले.

आता हे लाकूड पुढे कोठे जाते? त्याचे बारीक तुकडे करून कॉस्टिक सोडा व सोडियम सल्फाइडच्या पाण्यात, बंद हंड्यात, सुमारे १६० ते १७० अंश उष्णतेवर शिजवतात. लाकडातील तंतूंना चिकटवून ठेवणारा लिग्निन नावाचा पदार्थ त्यात विरघळतो व तंतू सुटे होतात. हाच लगदा. लाकडाचा जवळजवळ अर्धाच भाग लगदा होतो. उरलेला अर्धा त्या पाण्यात उतरतो आणि पाणी डांबरासारखे काळे होते. कागदाच्या धंद्यातील सर्वांत वाईट घाण ती हीच. मोठा कारखाना हे काळे पाणी आटवून बॉयलरमध्ये जाळतो. त्यातून वाफ व वीज मिळते, आणि राखेतील सोडा चुन्याच्या साह्याने पुन्हा वापरात येतो. गव्हाच्या काडावर किंवा भाताच्या पेंढ्यावर चालणाऱ्या लहान गिरण्यांना हे जमत नसे, कारण काडातील वाळूसारखा सिलिका नळ्यांत व भांड्यांत बसतो. म्हणून पूर्वी अशा पुष्कळ गिरण्यांचे काळे पाणी सरळ नाल्यात जाई. २००३ मध्ये केंद्रीय प्रदूषण मंडळाने उद्योगांशी केलेल्या सनदेनंतर त्यांना सोडा परत मिळवणे किंवा रद्दीकडे वळणे भाग पडले.

ज्यांचे शेत अशा नाल्याकाठी असेल त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाण्याचा रंग गेला म्हणजे सोडा गेला असे नाही. सोडियम काळ्या जमिनीत साठला की ती ओली असता चिकट व वाळली की दगडासारखी होते, आणि पाणी मुरेनासे होते. अशी जमीन सुधारायला जिप्सम व अनेक पावसाळे लागतात. पाणी तपासल्यावाचून घेऊ नये.

आता मूळ प्रश्न. आम्ही जितकी झाडे तोडतो त्याहून अधिक लावतो, असे कागदवाले सांगतात. हे खोटे नाही. परंतु ती झाडे शेतकऱ्याच्या जमिनीवर उभी राहतात आणि त्याच्या जमिनीतले पाणी पितात, हे त्या हिशेबात लिहिलेले नसते. नीलगिरी मूळची ऑस्ट्रेलियाची. ती झपाट्याने वाढते, पण त्यासाठी पाणीही तितकेच ओढते. सोनगढकडे पाऊस भरपूर. आपल्याकडे तो सरासरी ९०० मि.मी.च्या आसपास. तेथे शोभते ते येथे शोभेलच असे नाही. बांधावर एक ओळ लावली तरी साधारण दहा मीटरपर्यंतचे पीक खुरटते, आणि त्यातले निम्मे शेजाऱ्याचे असते. भाऊबंदकीला आधीच कारणे काय थोडी आहेत!

दुसरी गोष्ट भावाची. १९८० च्या सुमारास गुजरातेत खेडा, मेहसाणा, भावनगरपर्यंत शेतकऱ्यांनी नीलगिरीची धूम लावली होती. आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध काकांनी तेव्हा कपाशी सोडून तीन विघ्यांत ती लावली. त्या दशकाच्या अखेरीस सर्वांची झाडे एकदम तोडणीस आली, भाव कोसळला, आणि त्यांनी ती सरपणाच्या दराने दिली. जमिनीतील बुंधे काढण्याचा खर्च वेगळाच. आज कारखान्यांची मागणी मोठी आहे. २०२१-२२ मध्ये सोनगढला पुठ्ठ्याचे नवे यंत्रही सुरू झाले. तरी चार वर्षांनंतरचा भाव आज कोणी सांगत असेल तर तो कागदावर लिहून द्यावयास सांगावे. वाहतूक कोणाची, साल कोणी सोलायची, वजन कोठे होणार, हेही लिहून घ्यावे. तोडलेले लाकूड दररोज वाळते आणि पैसा मिळतो टनावर. ट्रक आठवडाभर उशिरा आला तर तोटा आपलाच.

सुबाभूळही कारखान्यास चालते. ती जमिनीला नत्र देते व पाला गुरांना आवडतो. मात्र एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक देऊ नये. त्यातील विषारी अंशाने जनावरांचे केस गळतात. घोडा-गाढवाला तर देऊच नये. शेंगा पिकू दिल्या तर रोपे सर्व शेतभर उगवतात.

प्रश्न विचारणाऱ्यांपैकी एका घरी आम्ही जाऊन शेत पाहिले. विहिरीजवळचा तुकडा त्यांनी तुरीला व भाजीलाच ठेवावा, असे आम्ही सुचवले. महीकाठच्या घळीला लागून जी पडीक जमीन आहे, जेथे बाजरीही धड येत नाही, तेथे झाडे लावण्यास हरकत नाही. एकदा तोडल्यावर नीलगिरी उसाच्या खोडव्याप्रमाणे पुन्हा फुटते, म्हणून दोन-तीन तोडण्या मिळतात. पहिल्या वर्षी ओळींच्या मधून मूगही घेता येईल. विहिरीचे पाणी मात्र दर मे महिन्यात दोरीने मोजून, तो आकडा तारखेसह घराच्या भिंतीवर लिहून ठेवण्याचे त्यांनी कबूल केले आहे.